सर्जेराव वस्तादांची अर्धी गादी

वाजवा टाळी मंडळी, त्या विटेवर उभ्या धन्यासाठी! हं... मागच्या ओळीपर्यंत पोचली नाही वाटतं. थंडी आहे, कबूल. पण शालीतून हात बाहेर काढायला काही तिकीट लागत नाही.

आजचा प्रश्न साधा आहे. गुरूची परीक्षा घ्यावी की नाही? आपल्याला लहानपणापासून शिकवलं, गुरूच्या पायांवर डोकं ठेवावं, उलट विचारू नये. बरोबर! पण ज्याच्या पायांवर डोकं ठेवलं तो गुरूच आहे, हे कळायचं कसं? असे माझ्याकडे बघू नका. माझी परीक्षा घ्यायची तर खुशाल घ्या, फक्त प्रसाद झाल्यावर घ्या.

तर ऐका. वारणेकाठचं एक गाव. गावात तालीम, तालमीत तांबड्या मातीचा हौदा, आणि त्या हौद्याचे वस्ताद सर्जेराव. पन्नाशी उलटलेली, कान मोडलेले, मान अशी की सदऱ्याचं वरचं बटन आयुष्यात लागलं नाही. त्यांची ख्याती एकच होती – हा गडी हार मानत नाही! खाली दाबा, वर बसा, श्वास कोंडा, गडी मानेवर तोल धरून राहायचा, पण पाठ मातीला लागू द्यायचा नाही. "पाठ लागली न्हाई तवर कुस्ती गेली न्हाई," असं पोरींना रोज सांगायचे.

पोरींना, हो! तालमीत आता पोरी घुमत होत्या, म्हणजे कुस्तीचा सराव करत होत्या, आणि सगळ्यांत पुढं वस्तादांचीच लेक, संयोगिता. अडचण काय? पोरी घडल्या मातीत आणि जिल्ह्याच्या स्पर्धा होतात गादीवर, म्हणजे त्या रबरी मॅटवर. मातीतला पाय गादीवर घसरतो, मंडळी. म्हणून गावानं गादीसाठी वर्गणी काढली. कुणी दुधाच्या बिलातून दिले, बायकांनी साडीखरेदी पुढं ढकलली. सगळी रक्कम ठेवली कुणाकडं? ज्याच्या शब्दावर गाव झोपतं त्याच्याकडं. वस्तादांकडं.

आता गादी आली की छप्पर हवं, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात कुजायची. छपराला पैसे कुठले? वस्ताद ह्याच घोरात असताना हातातल्या मोबाइलवर एक हसरा चेहरा उगवला. कोट घातलेला, मागं लांबलचक गाडी. म्हणाला, "रोज सकाळी पाऊण तास. बाकी दिवस तुमचा." नाव कौस्तुभ सर. सायंकाळी कोल्हापूरच्या हॉटेलात मोफत व्याख्यान, चहासुद्धा मोफत. मंडळी, जिथं चहा मोफत असतो तिथून आपण रिकाम्या हातानं कधी परत आलोय का?

वस्ताद गेले. सरांनी फळ्यावर लाल-हिरव्या काड्या काढल्या. फ्युचरचा सौदा म्हणजे काय ते सांगितलं. माल घ्यायचा नाही, बघायचा नाही, नुसतं म्हणायचं वर जाईल का खाली. आपण ठेवायची थोडी रक्कम, आणि सौदा त्याच्या कितीतरी पट मोठा. वर गेला की नफाही तेवढ्या पट! आणि खाली गेला की? ते सरांनी सांगितलं हो, खोटं का बोला, पण ते सांगताना पडद्यावर त्या गाडीचा फोटो होता. वस्तादांनी बुलेट विकली, शिकवणीची फी भरली आणि सरांच्या पाया पडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण पैलवानाला गुरू भेटला की पैलवान विरघळतो.

झालं! सकाळी सव्वानऊला बाजार उघडायचा. वस्ताद जोर मारून, अंगाला माती लावून मोबाइलसमोर बसायचे. छपरापुरतंच मिळवायचं म्हणून गादीच्या पैशांतले थोडे लावायचे, आणि सौदा लावण्याआधी शड्डू ठोकायचे! पहिल्याच दिवशी नफा झाला. असा शड्डू ठोकला की मोबाइल उडून ताकाच्या कळशीत पडला. घरधनीण मालनबाई म्हणाल्या, "अवो, त्या डबड्यासंगं कुस्ती चाललीया का काय?" वस्ताद नुसते हसले. त्यांना छप्पर दिसत होतं, छपराखाली गादी दिसत होती, गादीवर लेक दिसत होती.

आणि मग एका सकाळी सौदा खाली सरकला. आता सरांनी एक गोष्ट शिकवली होती. अमुक इतका तोटा झाला की मुकाट्यानं बाहेर पडायचं, त्याची खूण आधीच लावून ठेवायची, तिला स्टॉप लॉस म्हणायचं. खूण वस्तादांनी लावली होती. पण तोटा तिथं पोचत आला तशी त्यांची मान ताठ झाली. पाठ लागायच्या आधी कुस्ती सोडायची? त्यांनी खूण काढून टाकली! आणखी खाली गेला, तशी गादीच्या पैशांतून आणखी रक्कम घातली. दात आवळून, कपाळावर घाम, दोन तास खाली दाबलेल्या गड्यासारखे बसून राहिले. पण बाजार दमत नाही हो. त्याला छाती नाही, धाप नाही, तो दम टाकणार कसा? शेवटी दलालाच्या यंत्रानंच सौदा परस्पर तोडला. गादीचे निम्मे पैसे गेले.

वस्तादांनी सरांना फोन लावला. सर म्हणाले, "तुमची मानसिकता कच्ची आहे. पुढचा कोर्स घ्यावा लागेल." वा! दुखणं वाढलं की वैद्याची फी वाढते, तसं हे.

त्या दुपारी वस्तादांनी थंडाईचा पेला अर्धा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा! मालनबाईंनी लेकीला खुणावलं. संयोगिता हौद्यात माती उकरत असलेल्या बापाजवळ जाऊन बसली. वस्तादांना खोटं बोलता येत नव्हतं. सगळं सांगितलं. "लेकी, तुजी गादी खाल्ली गं मी," म्हणाले आणि खोऱ्याच्या दांड्यावर कपाळ टेकलं.

पोरीला राग आला होताच, का येऊ नये? मग म्हणाली, "आबा, सरांनी तुमच्या डोळ्यांदेखत कधी सौदा केलाय?"

"गुरूला असलं इचारत न्हाईत."

"मग आपल्या तालमीची रीत काय? बाहेरचा वस्ताद शिकवायला आला की आधी हौद्यात उतरून एक जोड धरतो. तो उतरल्याशिवाय तुम्ही आम्हाला त्याच्या पायाबी पडू देत न्हाई."

वस्तादांनी मान वर केली. रीत त्यांचीच होती. बुलेट विकताना विसरले होते.

सरांना निमंत्रण गेलं. सत्कार आहे, गाव जमणार आहे. नवे शिष्य मिळतील म्हणून सर आले! हलगी वाजली, फेटा बांधला, आणि सव्वानऊला बरोबर वस्ताद हात जोडून उभे राहिले. "सर, आमच्याकडं रीत हाय. नवा वस्ताद आधी एक जोड धरतो."

सरांनी सभोवार ती मोडक्या कानांची माणसं बघितली. "माझी पाठ दुखते हो," म्हणाले.

"मातीत न्हवं, सर. बाजारात. तुमचा मोबाइल, तुमचं पैसं, हितंच आमच्यासमोर एक सौदा."

मंडळी, सरांनी मोबाइलकडं बघितलं. हौद्याकडं बघितलं. परत मोबाइलकडं बघितलं. आणि काय केलं सांगा? बूट काढले! म्हणाले, "त्यापेक्षा कुस्तीच धरतो."

हसू नका... नाही, हसा, गावही हसलंच! जोड कुणाशी? संयोगिताशी. तिनं सलामी दिली, मनगट धरलं, आणि हलगीवाल्यानं ठेका धरायच्या आत सर तांबड्या मातीत आभाळ बघत पडले. हळू टाकलं हो पोरीनं, पाहुणा होता. पण पाठ लागली आणि त्या माणसाच्या तोंडून खरं बाहेर आलं. पडल्या पडल्याच म्हणाला, "माझं सगळं बाजारात गेलं. गाडी भाड्याची आहे. सौदा लावताना हात कापतात, म्हणून शिकवायला लागलो. शिकवण्यात तोटा होत नाही."

वस्तादांना वाटलं, आता मी ह्याच्यावर धावून जाईन. पण ते बघतच राहिले. त्या माणसाचा चेहरा कसा हलका झाला होता! पडलेला माणूस खरं बोलून मोकळा झाला, आणि आपण अजून मानेवर तोल धरून आहोत!

मग सर्जेराव वस्ताद हौद्यात उतरले. गावासमोर, आपणहून, आडवे झाले. दोन्ही खांदे मातीला टेकवले. जो गडी कधी कुणापुढं पडला नाही, तो! म्हणाले, "गादीचं निम्मं पैसं मी बाजारात घातलं. सरांनी थांबायला शिकवलं हुतं, मी थांबलो न्हाई. माजी पाठ लागली. कुस्ती संपली."

संयोगिता पुढं झाली आणि तिनं हात दिला. "संपली न्हवं? मग उठा आता, आबा." एका हातानं बापाला उठवलं, दुसऱ्या हातानं सरांना. मालनबाईंनी दोघांनाही थंडाई दिली. सरांनी पेला संपवून फी परत केली. ती गेली छपराला. बाजारात गेलेलं काही परत आलं नाही. ते येत नसतंच. त्यासाठी वस्तादांनी दोन म्हशी वाढवल्या आणि डेअरीत खातं गादीच्या नावावर उघडलं.

आणि गादी? ती तुकड्यातुकड्यांची असते. उरल्या पैशात अर्धी आली! पोरी अर्ध्या गादीवर घुमू लागल्या. पाय रेषेबाहेर पडला की खाली फरशी, म्हणून बाहेर पडायची सोयच नाही. जिल्ह्याला गेल्यावर संयोगिताला अख्खी गादी मिळाली. तिथं रेषेबाहेर पाय पडला की गुण समोरचीला. समोरचीनं ढकलून ढकलून बघितलं, पोर काही केल्या रेषेबाहेर जाईना! पंचांनी तिचा हात वर केला तेव्हा वस्तादांनी शड्डू ठोकला. मोबाइल? तो घरी होता, ताकाच्या कळशीपासून लांब.

तर मंडळी, गुरूची परीक्षा घ्यावी का? घ्यावी! नम्रपणे, हात जोडून, फेटा बांधून घ्यावी, आणि बुलेट विकायच्या आधी घ्यावी. पण शिष्यानं आपलीही घ्यावी. तुमच्यापैकी कोण कोण आज मानेवर तोल धरून बसलंय? घरी काही सांगितलेलं नाही, आणि उद्या सव्वानऊला सगळं भरून निघेल म्हणतोय? मी नाव घेत नाही. घाम मला इथून दिसतोय. आज घरी जा आणि घरच्यांसमोर खांदे टेकवा. हात द्यायला कुणीतरी पुढं येतंच, पण आडव्या पडलेल्याला; मानेवर तोलणाऱ्याला कुणी कसा हात देणार?

उठा, आरतीला उभे राहा. आणि शेजारचा उठताना अडखळला तर त्याला हात द्या!