चंद्रावलीचं बारसं

लग्न होऊन बुरहानपूरला आले तेव्हापासून मावा जलेबी मी याच दुकानातून घेते, पण रांगेत एवढा गलका कधी ऐकला नव्हता. माझ्यापुढे दोघी मैत्रिणी होत्या.

"तृप्ती, कालची सिरीयल पाहिली? राणी चंद्रावलीने राजाच्या दुधात विष कालवलं!"

"काल आमच्याकडे लाइट नव्हती! आपल्या राणीने?"

"स्वतःच्या हाताने. वरून केशरही टाकलं."

"अगं, आज दुपारी भाचीचं बारसं! मी आत्या, नाव चंद्रावलीच ठेवणार म्हणून वहिनीला महिनाभर मनवलं. थर्माकोलची अक्षरंही कापली!"

"भोग आता."

"राजा गेला का गं?" मला राहवलं नाही.

"वाचला ना, मावशी! दासी मंजिरीने भर दरबारात पेला हिसकावून आपटला. काय बोलली!"

तृप्तीने तिथूनच फोन लावला.

"वहिनी, चंद्रावली कॅन्सल. मंजिरी ठेवू. तुम्हीच म्हणत होत्या ना, साधं नाव पाहिजे?"

"आणि आजच्या भागात मंजिरीच फितूर निघाली तर?" मैत्रिणीने विचारलं.

"सिरीयल रात्री आहे. बारसं दुपारी आटपतं."