थडग्याला बांधलेलं झबलं

फामाऊ : चपला काढ, भाच्या. मशिदीत पाय ठेवतोयस. छप्पर पडलं म्हणून काय झालं?

कोंबो : बाहेर ये, म्हाताऱ्या! नाहीतर इथंच उभा चिरीन.

फामाऊ : हात तर चिरलासच. रक्त थांबत नाहीये बघ. याच हातानं तुला भरवलं रे, मेल्या!

कोंबो : आणि त्याच हातानं करणी करून माझं पोर खाल्लंस! काल मातीत ठेवला त्याला. आज त्याचं झबलं कुठे सापडलं? तुझ्या त्या खांबाच्या थडग्याला, गाठ मारून बांधलेलं! अख्ख्या गावानं पाहिलं.

फामाऊ : मी नाही बांधलं.

कोंबो : मग काय भुतानं बांधलं? या पडक्या शहरात तुझ्याशिवाय राबता कुणाचा? तूच झाडतोस, तूच ऊद जाळतोस, पाहुण्यांना हिंडवतोसही तूच.

फामाऊ : अल्लाशपथ, तुझ्या पोरासाठी तिथं दुवाच मागितली मी.

कोंबो : थडग्याकडे दुवा! शोभतं का मुसलमानाला? तो गलका ऐक. पेट्रोल आणलंय गाववाल्यांनी. मी म्हणालो, माझा मामा आहे, मीच बघतो. एका घावात संपवीन, जाळू देणार नाही. एवढा मान राखलाय तुझा.

फामाऊ : उपकार झाले!

(बाहेरून दगड येऊन आदळतात. मागच्या पडक्या भिंतीवरून कोंबोची बायको साऊमू आत उडी मारते.)

साऊमू : कोंबो, टाक तो कोयता! झबलं मी बांधलं.

कोंबो : काय?

साऊमू : मी! ताप हटेना, औषध लागू पडेना. माझ्या आईनं माझ्यासाठी असंच बांधलं होतं नवसानं, म्हणून मी जगले.

कोंबो : मग सकाळपासून तोंडात काय गुळणी धरली होतीस?

साऊमू : थडग्यापाशी गेलीस तर तलाक, असं भर ओसरीत कोण ओरडलं होतं? मागच्या खेपेला माझा दात कोणी पाडला?

फामाऊ : हळू, पोरी! बाहेर कळलं तर माझ्याऐवजी तुला जाळतील. कोंबो, घाल घाव. माझं काय, पिकलं पान.

कोंबो : मामा...

फामाऊ : रडतोस काय? उरकून टाक!

बाहेरून : कोंबो! झालं का? की आम्ही येऊ?

कोंबो : साऊमू, मामाचा हात आवळून बांध. विहिरीच्या अंगानं खाडीत उतरा, होडी सोडा.

साऊमू : आणि तू?

कोंबो : (बाहेर ओरडून) ऐका रे! झबलं मी बांधलं! माझ्या पोरावर मीच करणी केली! थांबा तिथंच, मी येतोय!

साऊमू : खोटं बोलतोय तो! मामा, अडवा त्याला!

फामाऊ : निदान कोयता तरी घेऊन जा, भाच्या.

कोंबो : नको. बाहेर सगळे घरचेच आहेत.