रकाना अकरा : पत्नीची संमती

— नाही जी बडे बाबू, खिडकी लावू नका, एवढा एक फॉर्म पाहा न! पुरा भरला आहे. नाव देवीदास, गाव तुमसर, काम कुक. आपल्या कारखान्यानं रशियाले जे पोट्टे ट्रेनिंगले पाठवले न, त्यायच्या होस्टेलमध्ये कुक पाहिजे — नोटीस मी स्वतः वाचली, म्हणजे वाचून घेतली. आन् हे सर्टिफिकेट. इथल्या होस्टेलच्या रशियन मॅडमनं आपल्या हातानं लिहून देल्लं. काय लिहिलं ते मले नाही समजत, तुमालेही नाही समजत, पण खालची सही पाहा — बुऱ्या माणसासाठी कोणी एवढी लांब सही करते काय?

चार वर्षं इथंच, रशियन साहेबायच्या होस्टेलात रांधण्यात काढली, बाबू. बीट नागपूरहून गाडीनं येत होतं, कोबी दुर्गहून. पहिल्या दिवशी बिटाच्या सूपाले मी लसणाची फोडणी देल्ली — सूप लाल, वरून साहेबही लाल. मंग शिकलो. मीठ घालाचं तेही माफी मांगून. मिरची सोडली, हळद सोडली, घरी गेलो तरी चमच्यानंच खाऊन राहिलो. आन् आता? एकेक रशियन घरी चालला, अर्धं होस्टेल खाली झालं, आन् एक तारखेपासून माह्यं नाव कोक ओव्हनमध्ये टाकलं, कोळशाच्या भट्टीवर, खलाशी म्हणून, ओझी उचलाले! तुमचे साहेब म्हणते, आग इकडंही आहे, तिकडंही आहे. आहे न जी. पण तिकडच्या आगीवर शिजते काय — मीच! म्हणून म्हणतो, मले रशियाले पाठवा. रशियन जेवण माह्यासारखं या भिलाईत —

काय? देशी? पोट्ट्यायले देशी पाहिजे? उकडलेले बटाटे खाऊन रडून राहिले... असं. म्हणजे रशियात जाऊन वरण-भात. हो, बरोबर आहे, रशियन रांधणारे रशियात असतीनच. हे मले कावून नाही सुचलं? — तरी हरकत नाही! देशी तं माह्या हातचा मळ. दुर्गच्या रनिंग रूममध्ये, रेल्वेचे ड्रायव्हर मुक्कामाले उतरते न तिथं, सहा वर्षं मी रांधलं, पुसा कोणत्याही ड्रायव्हरले. गोंदियाचे ड्रायव्हर घरून शिधा आणत, गाडीवरून उतरल्या उतरल्या पुसत, "देवीदास आहे का आज?" काळ्या मसाल्याचा रस्सा — एक ड्रायव्हर तं थाळी चाटून म्हणे, बॉयलर असा तापला पाहिजे! उद्या टेस्ट? दहा वाजता? उद्याच... नाही, करीन न. फक्त मसाल्याची थोडी — रनिंग रूमले तो घरून येत होता. हिरा कुटत होती. माही बायको. मी तं काय, बाबू, खरं सांगाचं तं मी पाणी घालून उकळत होतो.

ती घरीच आहे जी. असं कावून पुसता? रकाना अकरात तिचा अंगठा आहे न, हा पाहा. मले माहीत आहे, हा रकाना तुमीच फॉर्मात टाकला — तो वेल्डर रशियातच राहून गेला आन् त्याची बायको तीन लेकरं घेऊन आपल्या गेटवर बसली, तेव्हापासून. चांगलं केलं. बाईची संमती पाहिजेच. — मोठा आहे? असते जी, काम करणाऱ्या बाईचा अंगठा मोठाच असते. आडवी रेघ? विळीची असीन, बायकायलेही विळी लागते. माहा हात कशाले पाहता? तो सुरीचा वार आहे, जुना, कोबी कापताना... बरं. माहाच आहे. डावा. लिहून घ्या, काय लिहाचं ते.

ती रिसालीले आहे, भावाकडं, तेजरामकडं. आठ महिने झाले. भांडण नाही जी — एका रविवारी मॅडम माह्या क्वार्टरात आली, फिरत फिरत. हिरानं हौसेनं ताट वाढलं, भाकर, रस्सा, वरून तेलाची तर्री. मॅडमनं दोन घास खाल्ले आन् डोळ्यातून धारा. मी घाबरलो. ताट ओढलं, मोरीत ओतलं, आन् हिरासमोर म्हटलं, हे जंगली लोकायचं खाणं आहे. मॅडमले मराठी समजत नव्हती. हिराले समजत होती. आन् मॅडम, बाबू — मॅडम तं हात पुढं करून राहिली होती! मोरीकडं! अजून मांगत होती थे! संध्याकाळी हिरा गेली. वरवंटा घेऊन गेली, पाटा ठेवून गेली. तुमी हसा, हसण्यासारखंच आहे, मीही पहिल्या दिवशी हसलो.

काल गेलो होतो रिसालीले, हा फॉर्म घेऊन. तिनं दाराआडूनच पुसलं, "मले न्यायले आला का अंगठा घ्यायले?" आन् मी — चार वर्षं मॅडमसमोर खोटं हसलो, साहेबासमोर खोटं बोललो, आन् नेमका तिथं खरं बोललो. म्हटलं, उद्या आखरी तारीख आहे, हिरा, अंगठाच दे. मंग दार लागलं. शाई खिशात होतीच. रस्त्यावर एका दगडावर फॉर्म ठेवला आन् —

फाडू नका जी! पाया पडतो. उद्या दहापर्यंत टेबलावर राहू द्या. आताच निघतो रिसालीले. नेतो तिले घरी, खरंच नेतो. पण जाऊन म्हणू काय? घरी चाल म्हटलं तं ती म्हणीन, टेस्ट कधी आहे? शाणी आहे थे. काल अंगठा लागत होता, आज अंगठाही लागते आन् मसालाही. मी खरंच न्यायले आलो असं म्हटलं, तरी बाबू, मले स्वतःले कसं समजीन?

सांगा न. तुमी एवढ्या लोकायचे अर्ज पाहता.

...कोण? अरे, पंजाबराव! ऑफिसर मेस सोडून इकडं? तुमीही फॉर्म आणला? वहिनीचा अंगठा... सहीच केली वहिनीनं, वा. या, या समोर. माह्यं? माह्यं काही नाही गा. रिसालीची गाडी किती वाजता आहे, तेवढं पुसत होतो बाबूले.