उपाशीपोटी वजन उचलायचं न्हाय

मंडळी, बसून घ्या. मागं दाराशी उभी हायत त्यांनीबी बसा. माझं लवकर आटपायचं न्हाय.

मी शमीम. शिवाजी पेठेत ब्लाउज शिवते. माझ्या हातात कात्री असती, माईक न्हाय. त्यामुळं आवाज कापतोय. कापू दे. माझ्या आधी चार जण बोलले. मालन आक्का किती मायाळू, किती कष्टाळू, सगळं सांगून झालं. खोटं काय न्हाय त्यात. पण आक्कांनी शेवटची दहा-बारा वर्षं जे केलं, त्याचं नाव एकानंबी घेतलं न्हाय. सगळे तेवढं वगळून गेले. म्हणून मी उठले.

आक्का गेल्या त्याला बारा दिवस झाले. सकाळी दूध तापवत होत्या, छातीत कळ आली, दवाखान्यात नेईस्तोवर संपलं. त्रेसष्ट वय. आणि रक्षाविसर्जनाला घाटावर उभी होते तर माझ्या मागं दोघं बोलत होते. काय बोलत होते? "एवढं तूप, एवढी अंडी, वर या वयात लोखंड उचलायचं. दुसरं काय होणार?" राख थंड झाली नव्हती हो. दुसऱ्या दिवशी तालमीच्या मागच्या खोलीला कुलूप. आमची दुपारी तीनची बायकांची ब्याच बंद. का? तर उद्या आणि कुणाला काय झालं तर जबाबदारी कुणाची.

ज्यांना माहीत न्हाय त्यांच्यासाठी सांगते. आक्का मलकापूरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. लग्न होऊन पेठेत आल्या, मालक पैलवान. तीस वर्षं आक्कांनी तालमीतल्या पोरांचा खुराक केला. कुठल्या पोराला काय वाढायचं, किती वाढायचं, ते त्याच्या खांद्याकडं बघून सांगायच्या. पन्नाशीत त्यांना साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, भात, भाकरी, गोड कमी करा आणि व्यायाम करा. शेजारपाजारच्यांनी सांगितलं, सकाळी चालायला जावा. आक्का म्हणाल्या, "चालत तर रोज बाजाराला जाते की." आणि त्यांनी सरळ मालकांच्या वजनाच्या जुन्या लोखंडी बारला हात घातला. मग तालमीच्या मागच्या खोलीत पेठेतल्या बायकांची ब्याच सुरू केली.

मला साखर निघाली पाच वर्षांमागं. मीबी भात सोडला, चपाती सोडली. लय हुशारी केली. दुपारी काकडी-टोमॅटो, संध्याकाळी बिनसाखरेचा चहा. रविवारी मटण व्हायचं घरात. आता आपल्यात मटण म्हटलं की काय असतं, तुम्हाला सांगायला नको. फोडी आधी आलेल्या पावण्यांना, मग मालकांना, मग पोरांना. बाईच्या ताटात काय? रस्सा. पांढरा दोन वाट्या, तांबडा दोन वाट्या, वरपायचा. पोट डब्ब होतं. पूर्वी त्याच्यासंगं दोन भाकरी जायच्या. आता भाकरीबी नव्हती. आणि मी सगळ्यांना सांगायची, काल मटण खाल्लं.

तसल्या पोटानं मी आक्कांच्या ब्याचला गेले. तिसऱ्या आठवड्यात बार उचलताना डोळ्यापुढं अंधारी आली. खालीच बसले. लगेच कुणीतरी म्हणालं, बायकांचं काम न्हाय हे. आक्कांनी पाणी दिलं, शेजारी बसल्या.

"काल काय खाल्लंस?"

"मटण."

"मटण का रस्सा?"

मी पदरानं तोंड पुसलं.

"फोडी कुठं गेल्या?"

"पोरांनी खाल्ल्या."

"भाकरी बंद केलीस, बरं केलंस. पण तिच्या जागंवर ताटात काय बसवलंस? जागा मोकळी ठिवून लोखंड उचलाय आलीस व्हय?"

मंडळी, माझ्या आईनं मला कधी विचारलं नव्हतं फोडी कुठं गेल्या. विचारणार कशी? तिनं स्वतः कधी खाल्ल्या नव्हत्या.

पुढच्या रविवारी आक्का न सांगता आमच्या घरी हजर. ऐन जेवायच्या वेळेला. पंगतीत येऊन बसल्या. मी नेहमीसारखी वाढायला लागले, तर म्हणाल्या, "तू बस. पयलं तुझं ताट." माझे मालक, इकबाल, तिथं बसलेत बघा, ते म्हणाले, "आक्का, आधी पावण्यांना..." आक्का म्हणाल्या, "पावणी मीच हाय. आणि पावणी सांगत्या, हिला वाढा." स्वतःच्या हातानं माझ्या ताटात सहा फोडी घातल्या, वर तुपाची धार. पोरं बघत होती. सासूबाई बघत होत्या. मी मान खाली घालून खात होते आणि मला रडू येत होतं. लाज वाटत होती. स्वतःच्या घरात, स्वतः रांधलेलं खायची लाज. दुसऱ्या कुणाला असली लाज वाटत असंल का हो?

तिथनं आक्कांनी ब्याचला दंडक केला. आधी डबा उघडायचा, मग बारला हात. ज्या बाईच्या डब्यात नुसती काकडी, तिला त्या दिवशी वजन न्हाय. आमची सुनंदा लय शहाणी. डबा भरून आणायची, तीन अंडी, दही, परतलेली मेथी, सगळं दाखवायची आणि झाकण लावून घरी लेकाला न्यायची. आक्कांनी महिनाभरात पकडलं. मग काय, खोलीत सतरंजी टाकून समोर बसवून खायला घालायच्या. ज्यांना मटण-पनीर जमत न्हाय त्यांना शेंगदाण्याचं कूट, वाळलं खोबरं, घरचं दही. "पोट भरलं म्हणजे झालं असं न्हाय," म्हणायच्या, "अंगाला पुरलं का ते बघ." आणि साखरेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याबिगर कुणी कमी करायच्या न्हाईत, हाबी त्यांचाच दंडक. वेड्या नव्हत्या आक्का.

आज मी माझ्या वजनाएवढं लोखंड जमिनीवरनं उचलते. डॉक्टरांनी माझी गोळी अर्धी केली. दिवसभर मशीनवर बसते, कंबर धरत न्हाय. आमच्यातल्या एकीला गुडघ्याचं दुखणं होतं, ती आता गॅसचं सिलिंडर स्वतः आत घेती.

आता खरं सांगते. आक्का गेल्यावर मीबी भ्याले. घाटावर जे ऐकलं ते डोक्यात बसलं. तुपाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. चार दिवस काकडी आणि चहा. पाचव्या दिवशी मशीनवर बसले तर हातात सुई धरवंना. घरात कोण काय बोललं न्हाय. मालकांनी दोन अंडी उकडून माझ्यापुढं ठेवली आणि दुकानाला गेले.

तेव्हा मला कळलं, मी आक्कांना किती स्वस्तात विकाय निघाले होते.

आक्का हार्टनं गेल्या. ते मी लपवत न्हाय. का गेल्या ते मला कळत न्हाय, मी डॉक्टर न्हाय. पण घाटावर बोलणारे तरी कुठं डॉक्टर होते? आक्कांचे मालक पंचावन्नाव्या वर्षी असेच छातीच्या कळेनं गेले, तेव्हा कुणी त्यांचं ताट तपासलं व्हतं का? तालमीला कुलूप घातलं व्हतं का? मग बाईचंच ताट का तपासता? बाई पोटभर खाती, अंगात ताकद आणती, हे बघवत न्हाय, हे सरळ बोला की.

तालमीचे अध्यक्षसाहेब, तुम्ही पुढच्या रांगेत बसलाय, बरं झालं. तुम्ही लहानपणी आक्कांच्या हातचा खुराक खाऊन कुस्ती खेळलाय. मी अर्ज आणलेला न्हाय. विनंती करत न्हाय. नुसतं सांगते. उद्या तीन वाजता आम्ही चौदा जणी येणार. कुलूप असलं तर दारात सतरंजी टाकू, डबे उघडू, पोटभर खाऊ, सगळ्या पेठेला दिसंल असं. आणि परवा परत येऊ. जबाबदारी कुणाची म्हणत होता ना? लिहून घ्या, शमीमची.

आक्का, माझ्या दुव्यात तुमचं नाव रोज हाय. सलाम घ्या.

आता दोन मिनिटं शांत उभं राहूया. बाकीच्यांनी मान खाली घातली तर चालंल. ब्याचच्या बायकांनी घालू नका. वजन उचलताना नजर समोर ठेवायची, आपल्याला तसंच शिकवलंय. आणि आजच्याएवढं जड आपण कधी उचललं न्हाय. उठा.