कारध्याच्या पुढचं तिकीट

सत्यवती : तुझ्या उजव्या कानामागे कोळशाची कणी आहे, आई. डाव्या कानामागे एकही नाही.

धुरपता : चुलीची असंन. कारध्याले शकुनबाईची चूल निरा धूर करते.

सत्यवती : चुलीची काजळी मऊ असते, बोट लावलं की पसरते. ही बघ, खरखरीत आहे. अशी कणी इंजिनातून उडते, आणि खिडकीशी बसलेल्या माणसाला एकाच बाजूने लागते.

धुरपता : तुले एवढं शिकवलं ते माझे कान पाहायले का?

सत्यवती : कारध्याच्या पुलावरून बैलगाड्या जातात, एस. टी. जाते. रेल्वे जात नाही.

धुरपता : पाणी दे आधी. माय कालची घराबाहेर, आता दारात पाय ठेवला, अन् पोरगी पोलिसावानी बसली.

सत्यवती : घे. शकुनमावशी कशी आहे?

धुरपता : बरी आहे. गुडघे दुखतात म्हणे. तुले आशीर्वाद सांगितला.

सत्यवती : मलाही आज सकाळी बरीच वाटली. इथेच बसली होती, तू बसलीस तिथेच. चहा प्यायली, कोहळ्याच्या वड्या ठेवून गेली. म्हणाली, धुरपता पंधरा दिवसांत कारध्याकडे फिरकली नाही, तब्येत बरी आहे ना?

धुरपता : शकुनबाईलेही आजच यायचं होतं.

सत्यवती : काल शाळेतून आले तेव्हा तू मावशीकडे आहेस असं समजून मी निवांत झोपले. आज सकाळी मावशी गेल्यावर मी पुलावर जाऊन आले. वैनगंगा भरून वाहते आहे. मी कठड्यावरून खाली बघत उभी होते, आई. काय बघत होते ते मला सांगता येणार नाही.

धुरपता : अरे माय.

सत्यवती : मग दादाजींना मामाकडे कोंढ्याला पाठवलं. ते अजून परतले नाहीत.

धुरपता : दादाजीले कायले पाठवलं? घरमालक आहे तो आपला, डाकिया नाई.

सत्यवती : कुठे होतीस?

धुरपता : रागावशीन.

सत्यवती : रागावलेलीच आहे. आणखी रागावायला जागा नाही.

धुरपता : हाजऱ्याले गेली होती.

सत्यवती : कुठल्या हाजऱ्याला? दरेकशाच्या धबधब्याला?

धुरपता : हाव.

सत्यवती : कोणाबरोबर?

धुरपता : कोणाबरोबर म्हंजे? माझ्याच बरोबर.

सत्यवती : थांब. मला क्रमाने सांग. तू काल इथून, भंडाऱ्याहून, कारध्याला म्हणून निघालीस.

धुरपता : कारध्यालेच निघाली. देवाशपथ. स्टँडवर गोंदियाची गाडी उभी होती, ती कारध्यावरूनच जाते. कारध्याचं तिकीट काढलं. खिडकीजवळची जागा भेटली. पुलावर असा वारा आला, सत्या, की मी पदर सोडून दिला, उडू दिला त्याले. अन् लगेच कारधा आलं. एवढंसं तर अंतर. कंडक्टर म्हणते, बाई, उतरा. मी म्हटलं, पुढचं तिकीट दे.

सत्यवती : पुढचं म्हणजे कुठलं?

धुरपता : त्यानंही हेच विचारलं. मी म्हटलं, गाडी कुठवर जाते? तो म्हणते, गोंदिया. मी म्हटलं, मंग गोंदियाचंच दे, अर्ध्यातून कायले उठू?

सत्यवती : आणि तो काही बोलला नाही?

धुरपता : बोलला ना. म्हणते, घरून भांडून निघाल्या का? मी म्हटलं, भांडून निघाली असती तं पिशवीत लुगडं घेतलं असतं. पाह्य, पिशवीत फक्त पानाचा डबा आहे.

सत्यवती : म्हणजे कपडेही नव्हते.

धुरपता : आंगावर होते.

सत्यवती : हसू नकोस.

धुरपता : तूच हसून राहिली. मी तं सरळ सांगून राहिली. गोंदियाले उतरली, भजे खाल्ले. मंग स्टेशनावर गेली. तिथं बाकावर बसली तं एक बाई म्हणे, डोंगरगडची पॅसेंजर लागली. मी विचारलं, दरेकशाले थांबते का? थांबते म्हणे. मंग काय.

सत्यवती : पण हाजराच का? गोंदियाला तुझी मावसबहीण आहे. तिच्याकडे गेली असतीस.

धुरपता : तिच्याकडं तं केव्हाही जाता येते. तुह्या कॉलेजची सहल गेली होती हाजऱ्याले, आठवते? सगळ्या पोरी गेल्या. तू नाई गेलीस. मले ताप आला म्हणून.

सत्यवती : आला होता ताप.

धुरपता : दुपारीच उतरला होता. तू रात्रीपर्यंत माझ्या कपाळावर हात ठेवून बसली होतीस. मी बोलली नाई, पण माझ्या डोक्यात ते राहिलं. काय असंन तिथं, जे माझ्यापायी पोरीले पाहायले भेटलं नाई?

सत्यवती : मग? काय होतं?

धुरपता : पाणी. वरून खाली पडते.

सत्यवती : किती उंचीवरून?

धुरपता : मोजायले नाई गेली. आपल्या अंगणातल्या चिंचेवर चिंच ठेव, तिच्यावर अजून एक ठेव. वरून येते तेव्हा पाणी पांढरं असते, निरा कापसावानी. खाली आलं की काळं. अन् आवाज असा की मी रुखमाबाईले शिव्या दिल्या तरी कोणाले ऐकू जाणार नाई.

सत्यवती : दिल्यास?

धुरपता : एकदोन दिल्या. तिचं वावर आपल्याले लागून. तिनं आपल्या करडी गावच्या धानाच्या बांधीचा धुरा दोनदा कोरला, तुले माहीत नाई.

सत्यवती : काल दरेकशाला पोचलीस तेव्हा दिवस मावळायला आला असेल. रात्री कुठे राहिलीस?

धुरपता : आता खरं सांगतो. गाडीतून उतरली, अन् माझ्या मागं कोणीच उतरलं नाई. गाडी गेली. इकडं डोंगर, तिकडं डोंगर, मधात मी. तेव्हा भेव लागला. बाकावर बसली. मनात म्हटलं, धुरपता, तुले काय अक्कल आहे का? अशी घाबरून बसली, घाबरून बसली. मंग कंटाळा आला.

सत्यवती : कशाचा?

धुरपता : भेवाचा. एकटं माणूस किती वेळ घाबरंन? कोणी पाहणारं असलं तं घाबरणं जमते. कोणीच नव्हतं. मंग भूक लागली. तिकडून रेल्वेच्या गँगमनची बायको येऊन राहिली होती, डोक्यावर सरपण. कुंताबाई. तिले म्हटलं, बाई, मले रातभर ठेव. ती म्हणते, कोणाकडं आलीस? म्हटलं, पाणी पाहायले आली. ती सरपण टाकून हसत बसली. म्हणते, भंडाऱ्याकडं एवढे तलाव, तुमच्यात पाण्याचा काय तुटोडा आहे? मी म्हटलं, आमचं पाणी उभं राहते वो बाई, पडत नाई.

सत्यवती : तिने ठेवून घेतलं?

धुरपता : भात अन् अंबाडीची भाजी खाऊ घातली. रात्री तिचा नवरा ड्युटीवर गेला, मंग आम्ही दोघी पान खात बसलो. सकाळी तिनं वाट दाखवली, पण संग नाई आली, बकऱ्या होत्या तिच्या. मी एकटीच गेली. हे घे, विसरत होती. डब्यातच आहे, पानं काढून त्यात ठेवलं.

सत्यवती : काय आहे हे? अगं... हा हंसराज आहे. नेचा.

धुरपता : पाण्याच्या बाजूच्या खडकाले चिकटलं होतं. देठ पाह्य, काळा तारेवानी. म्हटलं, आपल्या पोरीले अशा गोष्टीचं वेड आहे. तू वाळवून कागदावर चिकटवतेस, मी म्हटलं जिवंतच नेऊ.

सत्यवती : मुळासकट आणलंस. ओल्या मातीसकट. आई, मी दोन वर्षं मुलींना हे चित्रातून शिकवते आहे. पानाची कड बघ, आत दुमडली आहे ना? त्या दुमडीखाली याचे बीजाणू असतात. फूल नाही, फळ नाही, तरी...

धुरपता : नाव हंसराज, अन् झाड एवढंसं. आता राग गेला का?

सत्यवती : नाही. पण कुंडी शोधते.

धुरपता : कुंडी मंग शोध. बस इथं. मले एक विचारायचं आहे, ते मी हाजऱ्यावरून ठरवून आणलं आहे. मागच्या गुरुवारी तुह्या शाळेच्या मोठ्या बाई आल्या होत्या. मी आत चहा करून राहिली होती.

सत्यवती : हो.

धुरपता : त्या म्हणाल्या, अमरावतीच्या कॉलेजवाल्यांनी शिकवायले ये म्हणून तुले दुसऱ्यांदा विचारलं, असं पुन्हा कोणी विचारत नसते, या आठवड्यात कळवून टाक. अन् तू काय म्हणालीस?

सत्यवती : तू ऐकलंस.

धुरपता : तू म्हणालीस, आईला एकटं राहता येत नाही, रात्री दार वाजलं तरी ती घाबरते.

सत्यवती : ते खोटं आहे का?

धुरपता : खरं आहे. दार वाजलं की मी घाबरतो. घाबरतो अन् मंग उठून दार उघडतो. ते तू नाई सांगितलं त्यांले.

सत्यवती : म्हणून गेलीस? मला दाखवायला?

धुरपता : नाई वो. गेली तं वाऱ्यापायी. पण सकाळी पाण्यापाशी बसली तेव्हा ध्यानात आलं, की आपण एकट्या बसलो आहो अन् आपल्याले काहीच झालं नाई. मंग तू मोठ्या बाईले सांगितलेली गोठ डोक्यात आली. आता सांग. मले भेव लागते, का तुले?

सत्यवती : तू माझ्याबरोबर अमरावतीला चल, हे मी किती वेळा म्हटलं.

धुरपता : मी येत नाई, हेही मी तितक्याच वेळा म्हटलं. माझी बांधी करडीले आहे, शकुनबाई कारध्याले आहे, चिंच अंगणात आहे. मी जे विचारलं ते सांग.

सत्यवती : मला.

धुरपता : कायचं?

सत्यवती : इथे शाळेत मुली लहान आहेत. जे सांगते ते लिहून घेतात. तिथे मोठी मुलं असतील. तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या खात्यात बाकी सगळे पुरुष आहेत. कोणी उठून काही विचारेल आणि मला येणार नाही.

धुरपता : नाई आलं तं काय म्हणशीन?

सत्यवती : काय म्हणू?

धुरपता : म्हण की पाहून सांगतो. मले कुंताबाईनं विचारलं, भंडाऱ्याले किती तलाव आहेत. मी म्हटलं, मोजून सांगतो. तिनं काय मले घराबाहेर काढलं?

सत्यवती : ते वेगळं आहे, आई.

धुरपता : असंन वेगळं. मी काय कॉलेजात गेली का? पण एक सांगतो. माझं नाव पुढं करू नको. नाई जायचं तं नको जाऊ, माझ्यासंग राह्य, मले आनंदच आहे. पण लोकांले सांग, मले जायचं नाई म्हणून. माय घाबरते म्हणून नको सांगू. आता तं ते खोटं होईन.

(अंगणात सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज.)

दादाजी : सत्याबाई, कोंढ्याचं काम काही... हे काय. ही तं इथं बसली आहे.

धुरपता : या दादाजी. चहा मांडतो.

दादाजी : चहा राहू दे. कुठं होतीस तू?

सत्यवती : हाजऱ्याला. धबधबा बघायला.

दादाजी : कोणासंग?

धुरपता : पुन्हा तेच.

दादाजी : अन् मी तिकडं कोंढ्याले तुह्या भावासमोर हात जोडून बसलो होतो. जागेश्वर मले म्हणते, माझी बहीण घरातून रुसून गेली म्हंजे पोरीनं काहीतरी केलं असंन, अन् तुम्ही घरमालक असून पाहत राहिले. त्यानं मले जेवू घातलं, अन् बोलणंही खाऊ घातलं. एकाच ताटात.

धुरपता : वहिनीनं काय केलं होतं जेवायले?

दादाजी : वांग्याची भाजी होती, चांगली होती. तो मुद्दा नाई. मी म्हटलं, बापा, त्या घरात आवाज चढलेला मी कधी ऐकला नाई. तो म्हणते, बाईमाणूस उगाच घर सोडत नाई. घर सोडलं म्हंजे रुसली. रुसली म्हंजे कोणीतरी रुसवलं.

धुरपता : त्याले सांगा, बाईमाणूस पाणी पाहायलेही जाते.

दादाजी : हे मी सांगू? त्याले पटंन?

सत्यवती : दादाजी, तुम्हाला माझ्यामुळे फार त्रास झाला. उन्हात एवढे लांब जाऊन आलात.

दादाजी : त्रास कायचा. एस. टी.नं गेलो, स्टँडवरून सायकल आणली. पण जागेश्वर तेवढ्यावर थांबला नाई. म्हणते, उद्या सकाळच्या गाडीनं येतो, भाचीले समोर बसवतो अन् विचारतो, तू मायची काळजी घेतेस का नाई. आता मी काय निरोप धाडू त्याले? सापडली म्हणून सांगतो, येऊ नको म्हणतो.

धुरपता : येऊ द्या. भाऊ आहे. भात टाकीन त्याच्यासाठी.

दादाजी : अन् त्यानं जाब विचारला तं?

धुरपता : मी बोलतो त्याच्याशी.

सत्यवती : नको आई, मी बोलते. येऊ द्या मामांना. दादाजी, त्यांना सांगायच्या आधी तुम्हाला सांगते, घर तुमचं आहे म्हणून.

दादाजी : काय झालं? खोली सोडता का?

सत्यवती : नाही. खोली आईकडेच राहील.

दादाजी : मंग?

सत्यवती : दिवाळीची सुट्टी संपली की आई इथे एकटी राहणार आहे. मी अमरावतीला जाते.