हार्ग्रीव्ह सरांच्या पुस्तकाची पानं मी कापली

नाव मैत्री बुद्धभूषण खोब्रागडे, वय ३४, व्यवसाय खासगी ग्रंथसंग्रहाची यादी करणे, मूळ राहणार नागपूर, सध्या शॉमबर्ग, इलिनॉय. दिनांक १७ एप्रिल २०२५.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, इंग्रजी मला चांगलं येतं, पण राग आला की मराठीच सुचतं. म्हणून दुभाषी अस्मिताताईंमार्फत जबाब देते.

नेपरव्हिलचे एडमंड हार्ग्रीव्ह, वय ८४, मूळचे इंग्लंडचे, यांच्याकडे मी सहा वर्षं कामाला आहे. माणूस गडगंज श्रीमंत आणि दुर्मिळ पुस्तकांपायी पार वेडा. बाथटबमध्ये पुस्तकं, ओव्हनमध्ये पुस्तकं. बायको सोडून गेली, तर त्याच आठवड्यात तिचं कपाट पुस्तकांनी भरलं. वाचलं मात्र एकही नाही. हाताळलं की खराब होतं म्हणायचे. गेल्या वर्षी नजर गेली, तरी खरेदी चालूच.

१४ एप्रिलला भीमजयंती. त्या दिवशी सलग अठरा तास वाचायची आमच्याकडे पद्धत आहे. मी सुट्टी मागितली. सरांनी कारण विचारलं, मी सांगितलं. म्हणाले, "इथेच वाच. मला ऐकव." सकाळी पाचला मी हजर झाले. त्यांनी एका खलाशाचं प्रवासवर्णन काढायला लावलं. ते मिळवायला त्यांनी अकरा वर्षं घालवली होती.

पूर्वी पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच येत, वाचणाऱ्याने सुरीने कापायची. हे पुस्तक १८४० सालचं, पण कुणी कापलंच नव्हतं. मी म्हटलं, "सर, नंतर ओरडाल." त्यांनी स्वतः सुरी माझ्या हातात दिली. पहिलं पान कापताना खुर्ची घट्ट धरून बसले. मग म्हणाले, "पुढे." जेवायलाही उठले नाहीत. लहान मुलासारखे हसले, दोनदा रडले. म्हणाले, "मैत्री, मी किती मूर्ख!" मी म्हटलं, "हो, सर." खोटं कशाला बोलू बाप्पा?

दुपारी साडेतीनला, गलबत फुटून खलाशी एकटाच किनाऱ्याला लागला, तिथवर आलो असताना सरांचा उजवा हात लुळा पडला. ९११ला मीच फोन केला. ते हॉस्पिटलमध्ये आहेत. बोलता येत नाही. ऐकू येतं, कळतंही.

त्यांचे पुतणे ऑलिव्हर यांनी माझ्याविरुद्ध पुस्तकाच्या नुकसानीची तक्रार दिली आहे. पानं मीच कापली. लेखी परवानगी नाही. गुन्हा असेल तर खुशाल लावा, मी कुठे पळून चाललेले नाही. मला त्याची लाजही वाटत नाही.

पण पुस्तक तुम्ही सीलबंद करून ठेवलंय आणि शेवटची चाळीस पानं राहिलीत. डॉक्टर म्हणतात, फार तर आठवडा. काल भेटायला गेले, तर सर डाव्या हाताने माझी पर्स चाचपत होते, पुस्तक आहे का बघायला. मला रडू आवरलं नाही. पुस्तक दोन तासांसाठी द्या. सोबत पोलीस पाठवा, सुरी त्याच्याच हातात ठेवा.

हा जबाब अस्मिताताईंनी मला शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. सरांसाठीही मी तेवढंच मागतेय.

सही
मैत्री खोब्रागडे