दिवे लागल्यावर बापाने काय बोलावं

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आणि चहाच्या आशेने का होईना, वेळेवर आलेल्या माझ्या नाटकवेड्या मंडळींनो,

माझ्या हातात माइक दिला की परत घेणं अवघड, हे आपले कार्यवाह जाणतातच. आज मात्र थोडक्यात बोलतो.

आपली चिमणी उद्या गाव सोडतेय. मोठ्या नाटकमंडळीत काम मिळालं, आनंदच आहे. पण ती का जातेय, हे इथे कुणाला ठाऊक नाही? कुणीतरी तिचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या अंगावर चिकटवून घाणेरडा व्हिडिओ बनवला आणि गावभर फोनवरून पसरवला. तो बनावट आहे हे पोलिसांनी सांगितलं, पण तोवर वडील विचारून बसले होते, "खरं सांग, ही तूच ना?" तेव्हापासून बापलेकीत बोलणं नाही.

पोरीने त्यावर नाटक लिहिलं आणि मुलीचं काम स्वतः केलं. ऐन प्रसंगी नाटक थांबतं, प्रेक्षागृहातले दिवे लागतात. बापाने आता काय बोलावं, ते प्रेक्षकांनी सांगायचं. ते सांगतील तसं नाटक पुढे जातं. काय सांगतात लोक? "फोन काढून घ्या." "चार दिवस मामाकडे पाठवा." शिकलेले म्हणतात, "आधी खरंखोटं करा." दर वेळी मुलगी दार लावून घेते.

एका प्रयोगाला मागच्या रांगेतल्या आजी उठल्या. म्हणाल्या, "अरे, पोर सकाळपासून उपाशी आहे. आधी विचार, जेवलीस का?"

चिमणी दार उघडून बाहेर आली आणि खरोखरची रडली. पडदा मीच पाडला. परक्या बाईला सुचलं, ते आम्हा घरच्यासारख्या माणसांना सुचू नये, याचं फार वाईट वाटतं हो.

हा मागचा पडदा तिच्या वडिलांनीच शिवलाय. परवा उसवला, तर लगेच टीप मारून दिली. नाटक मात्र त्यांनी पाहिलं नाही. आजचं आमंत्रण मी स्वतः त्यांच्या शिंपीकामाच्या दुकानात नेऊन दिलं. "बघतो," म्हणाले. पहिल्या रांगेतली ती रिकामी खुर्ची त्यांचीच. चिमणे, सारखी दाराकडे बघू नकोस गं, मला बोलणं जड जातंय.

असो. आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात अधिकउणं झालं असेल, तर पोटात घाला. आणि बाजारातून घरी जाणाऱ्यांनी एवढं करा. शिंप्याच्या दुकानात दिवा दिसला, तर आत डोकावून सांगा, गाडी सकाळची आहे. आणि पोर दुपारपासून जेवलेली नाही.